सोळा-तेराचा इंटरकूलर

सायकलच्या चाकात जोर लावून हवा भरली की पंपाचं बूड चटका बसेल इतकं तापतं. हवा दाबली की तापते, एवढंच त्याचं कारण. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या वर्गाला टर्बोचार्जर, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, शिकवायला घेतला की मी सुरुवात इथून करतो आणि मग फळ्यावर हिशेब मांडतो. पुण्याचा मे महिना, बाहेर ४० अंश. टर्बोने ती हवा दहा पौंडांनी, म्हणजे साधारण ०.७ बारने दाबली. त्यातल्या कॉम्प्रेसरची, म्हणजे हवा दाबणाऱ्या बाजूची, कार्यक्षमता ७० टक्के धरली. उत्तर येतं ११५ अंशांच्या आसपास. पाणी उकळतं त्याहून गरम हवा इंजिन ओढून घेत असतं, आणि केबिनमध्ये बसलेल्या माणसाला एवढंच जाणवतं की चढाला गाडी आज जड चाललीय.

टर्बो हवा कोंबतो ती सिलिंडरमध्ये जास्त प्राणवायू जावा म्हणून. पण तापलेली हवा प्रसरण पावते, तेवढ्याच जागेत कमी मावते. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने थोडं काढून घेतलं जातं. इंटरकूलर ते परत मिळवून देतो. टर्बो आणि इंजिन यांच्या मधल्या वाटेवर, रेडिएटरच्या पुढे, ॲल्युमिनियमचा चपटा, जाळीदार संच बसवायचा. आतून दाबलेली हवा जाते, बाहेरून वारा लागतो. हवा ११५ वरून साठ-पासष्टपर्यंत उतरली, तर वाटेत दाब थोडा पडला तरी सिलिंडरमध्ये पोचणारी हवा वजनाने दहाएक टक्के वाढते. त्यात हलणारा भाग एकही नाही, वीज लागत नाही, तेल लागत नाही. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने टर्बोचार्जरचं पेटंट घेतलं १९०५ साली. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या उष्णतेला कामाला लावण्याची ती कल्पना मला आजही थोर वाटते. आणि त्या कल्पनेत उरलेली उणीव एक साधा जाळीचा संच भरून काढतो, हेही तितकंच.

आता गाडीकडे येतो. गाडी दादाची, माझ्या थोरल्या भावाची. टाटाचा ट्रक, १६१३ टीसी. आकड्यातले १६ म्हणजे मालासकट साधारण १६ टन वजन, १३ म्हणजे १३० अश्वशक्तीच्या आसपास. टीसी म्हणजे टर्बो आहे, इंटरकूलर नाही. पुढे याच इंजिनाचं टीसीआयसी रूप आलं, त्यात तो कंपनीतूनच बसून आला. इंजिन ६९७: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२८. गुणाकार केला की ५६७५ सीसी. मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनाची मापं तंतोतंत हीच आहेत, आणि त्यात नवल नाही. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि डाइम्लर-बेंझ यांची भागीदारी १९५४ साली सुरू झाली ती १९६९ पर्यंत चालली. ही मापं मी वर्गात तोंडपाठ म्हणतो तेव्हा मला जुन्या घराण्याची वंशावळ सांगितल्यासारखा अभिमान वाटतो.

पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणतात. मी वाढलो ते पुणे डिझेलचं होतं. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून, कोथरूडला कमिन्स १९६२ पासून, पिंपरीला टेल्को १९६६ पासून. सकाळच्या पाळीच्या बसमधून उतरणाऱ्या माणसांच्या डब्यांचा आणि कूलंटचा एकत्र वास येणारं ते शहर. त्या कारखान्यांतून निवृत्त झालेली किंवा तिथे हात बसवून बाहेर पडलेली माणसं भोसरी, नऱ्हे, हडपसरच्या शेडमध्ये आजही सापडतात. दादाची गाडी इतकी वर्षं चालली ती त्यांच्या जोरावर.

किलोमीटरचा काटा केव्हाच बंद पडलाय. वहिनी डिझेलची वही ठेवते, तिच्या अंदाजाने गाडी सात लाखांच्या पुढे गेली. जाताना भोसरी-चाकणहून शिरोली एमआयडीसीचा माल, येताना कोल्हापूरच्या गुळाचे रवे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. "नवीन घे" म्हणणारे पुष्कळ आहेत. पण नव्या बीएस-सहा गाडीचा हप्ता म्हणजे रात्र-रात्र चाक फिरतं ठेवणं आलं, आणि दादाला या वयात तसं पळायचं नाही. त्याला मोजक्या फेऱ्या करायच्या आहेत, ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या. त्याचं दुखणं एकच होतं: खंबाटकी.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागायचा. येताना बोगदा आहे. म्हणजे भोसरीचं लोखंड पाठीवर घेऊन चढ, आणि उन्हाळ्यात दुपारी सापडलं तर विचारूच नका. मी एक्झॉस्टमध्ये, टर्बोच्या अलीकडे, के-टाइप थर्मोकपल बसवून दादाच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटा लावून दिला होता. तिसऱ्या गिअरमध्ये निम्मा घाट चढला की काटा ७०० कडे सरकायचा. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन मिश्रधातूचा असतो, त्याला खालून तेलाचा आणि बाजूने पाण्याचा गारवा असतो, म्हणून तो लगेच वितळत नाही. पण रोज त्या काठावरून चालायचं म्हणजे कधीतरी पाय घसरणारच. दादा पॅडल सोडायचा, गिअर खाली घ्यायचा, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत काटा खाली यायची वाट बघायचा. आरशातून मागे पाहिलं की काळ्या धुराचा पट्टा.

तो धूर मला फार छळायचा. एक किलो डिझेल पूर्ण जाळायला पुस्तकी हिशेबाने साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये डिझेल आणि हवा इतकी सुबक मिसळत नाहीत, म्हणून वीस-बावीस किलो मिळाली तर जळण स्वच्छ होतं. काळा धूर म्हणजे पैसे देऊन भरलेलं आणि न जळता सोडलेलं डिझेल. आणि ते घाटातल्या दुचाकीवाल्याच्या, त्याच्या पुढे बसवलेल्या पोराच्या नाकात जाणार. जुनी गाडी चालवायचा दादाला हक्क आहे. तो धूर दुसऱ्याच्या अंगावर सोडायचा नाही.

तरीही इंटरकूलर लगेच बसवला नाही. नऱ्ह्याच्या मिस्त्रींनी बसवू दिला नाही. वयाने ते आमच्या दोघांपेक्षा मोठे, हातावर जुन्या भाजल्याचे डाग, बोलणं मोजकं. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं, उलटं केलं आणि भोकावर नुसतं ठेवलं. आम्ही तिघं वाकून बघत होतो. झिजलेल्या इंजिनात खालून येणारा वायू झाकण उडवून देतो. इथे ते थरथरत होतं, थोडं फिरत होतं, पण उडून पडलं नाही. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून धुराची बारीक रेघ येत होती, लोट नव्हता. "पिस्टन-लायनर आहेत अजून," मिस्त्री म्हणाले. "पण मालक, नोझल काढून आणा आधी. ही पिते त्यातलं निम्मं दुखणं तिथं असतंय."

खरंच होतं. टेस्टिंगला लावल्यावर दोन नोझल फवारा सोडण्याऐवजी टपकत होते. ते बदलले, डिझेलचा पंप कंपनीच्या मापावर बसवून घेतला, एअर फिल्टर नवा टाकला, टॅपेटची फट मापात लावली. एवढ्यानेच धूर बराच उतरला. मला हे ठामपणे सांगावंसं वाटतं, कारण बाजारात क्रम उलटा चालतो. आधी चकचकीत वस्तू बसते, आणि टपकणारा नोझल तसाच राहतो. जास्त हवा दिल्याने वाईट फवारा सुधारत नाही.

मग टर्बो. मिस्त्रींनी हवेच्या बाजूचा पाइप काढला, शाफ्ट दोन बोटांत धरून वर-खाली, पुढे-मागे हलवून पाहिला. खेळ मर्यादेत होता. मग पाइपाच्या आत बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. बोटावर काळपट, चिकट थर. जुन्या इंजिनात पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, इंजिनाच्या पोटात, उतरतोच, तो तेलाची वाफ घेऊन ब्रीदरमधून बाहेर पडतो. आमच्या गाडीचा ब्रीदर परत हवेच्या वाटेला जोडलेला होता. इंटरकूलर नसताना ती वाफ इंजिनात जाऊन जळून जाते. इंटरकूलर बसला की ती गार होते आणि आत भिंतींना चिकटते. तेलाचा लेप बसला की उष्णता बाहेर पडायची थांबते, म्हणजे ज्यासाठी तो बसवला तेच काम बंद. शिवाय टर्बोचं सील कधी गेलं, तर तेल त्याच्या तळाशी साठतं. साठलेलं तेल एकदम इंजिनात ओढलं गेलं तर इंजिन डिझेल सोडून त्या तेलावर पळायला लागतं. मग स्टॉपची दोरी ओढून काही होत नाही, कारण पंप त्याला डिझेल देतच नसतो. हवेची वाट कोंबून बंद करणं हाच उपाय. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुजही थांबते. म्हणून आधी ब्रीदरला तेल गोळा करणारा छोटा डबा लावला, आणि त्यानंतरच नाना पेठेत गेलो.

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांत टीसीआयसी गाडीचा जुना इंटरकूलर सहज मिळत होता, दामही परवडणारा. मिस्त्रींनी नको म्हटलं. जुना इंटरकूलर ज्या गाडीवरून उतरला तिचा टर्बो फुटून उतरला असेल, तर कॉम्प्रेसरच्या पात्याचे बारीक तुकडे त्याच्या घड्यांत अडकलेले असतात. कितीही धुतला तरी एखादा कण राहतो, आणि तो पुढे सरळ आपल्या सिलिंडरमध्ये. नवा घेतला. त्याच घराण्यातल्या इंजिनाचा, त्यामुळे मापात फार ओढाताण झाली नाही. ब्रॅकेट मात्र वाढवून, रबरी बुश घालून बसवावे लागले, नाहीतर चेसिसची थरथर ॲल्युमिनियमला चिरा पाडते.

खरं कसब पाइपांत आहे. टर्बोपासून पुढे रेडिएटरच्या बाजूने इंटरकूलरपर्यंत एक पाइप, तिथून परत सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डपर्यंत दुसरा. वळणं जितकी कमी आणि मोठ्या गोलाईची, तितका दाब कमी पडतो. आर्गॉन वेल्डिंग करणाऱ्या पोराने प्रत्येक तोंडाला बाहेरून एक उंचवटा उठवून घेतला, होज, म्हणजे जोडाची लवचिक नळी, त्याच्या मागे अडकून राहावा म्हणून. गुळगुळीत पाइपावरून होज दाबाखाली निसटतो, आणि निसटतो तो नेमका चढावर. होज सिलिकॉनचे, क्लॅम्प टी-बोल्टचे. रेडिएटरचा साधा रबरी होज इथे लावणारे आहेत. तो उष्णतेने आणि तेलाने फुगतो, मऊ पडतो, एक दिवस फाटतो.

सगळं आवळून झाल्यावर मिस्त्रींनी टर्बोकडचं तोंड बुच मारून बंद केलं, बुचातल्या व्हॉल्व्हमधून पंधरा पौंड हवा भरली आणि निरम्याच्या पाण्याचा ब्रश प्रत्येक जोडावरून फिरवला. मॅनिफोल्डजवळच्या एका जोडावर मोहरीएवढा फुगा आला, वाढला, फुटला, त्याच जागी दुसरा आला. क्लॅम्प सैल केला, होज अर्धा सूत पुढे सरकवला, पुन्हा आवळला, पुन्हा ब्रश. फुगा थांबेपर्यंत त्यांनी चहाला हात लावला नाही. अशा माणसांच्या हाताखाली माझ्या पोरांनी वर्षभर नुसतं उभं राहावं, असं मला फार वाटतं.

कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत चढून आल्यावर गाडी बाजूला घेतली तेव्हा मी खाली उतरून दोन्ही पाइपांना हात लावून पाहिला. टर्बोकडून येणाऱ्या पाइपावर बोट क्षणभरही टिकेना. इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपावर तळवा ठेवला तर काही सेकंद ठेवता आला. फळ्यावर मांडलेली वजाबाकी हाताखाली होती. खंबाटकीला काटा ६४० च्या पुढे गेला नाही, त्याच गिअरमध्ये, तशाच वजनाला.

पण दुसऱ्याच दिवशी दादाचा फोन. "अरे, बूस्टचा काटा खाली आलाय. कुठून तरी हवा जातीय." हवा कुठून जात नव्हती. गार हवा दाट असते, इंजिन ती सहज गिळतं, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये दाब पूर्वीइतका साठत नाही. त्यात एक्झॉस्ट गार झाल्याने टर्बाइनला मिळणारी ऊर्जाही थोडी घटते. बूस्टचा काटा म्हणजे हवा किती अडून राहिलीय ते सांगणारं माप. आत किती गेली ते तो थेट सांगत नाही. हे दादाला फोनवर समजावून सांगितलं, तरी तो शांत झाला तो पुन्हा एकदा साबणाचं पाणी फिरवल्यावरच. त्याचं बरोबर आहे, गाडी त्याच्या हातात असते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. नोझलच्या कामाला गेलो होतो तिथेच एकाने सुचवलं होतं, "इंटरकूलर टाकताय तर डिझेल थोडं वाढवून देतो, मग बघा पिकअप." त्याचं शास्त्र चुकीचं नाही. अशा यांत्रिक पंपाच्या इंजिनात नुसत्या इंटरकूलरने ताकद फारशी वाढत नाही, कारण डिझेल किती जायचं ते पंप ठरवतो, आणि पंपाला हवा गार झाल्याचं कळत नाही. वाढलेल्या हवेत वाढीव डिझेल जाळलं की ताकद मिळते, टीसीआयसी गाड्यांत कंपनीने तेच केलंय. पण कंपनीने ते नव्या इंजिनावर, बाकीचे भाग त्या हिशेबाने घेऊन केलंय. सात लाख किलोमीटर पळालेल्या इंजिनाचे बेअरिंग, हेड गॅसकेट, क्लच प्लेट, गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन, सगळे मूळ मापाच्या ताकदीला झिजत आलेले असतात. त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

पन्नास-साठ अंशांचा जो गारवा मिळाला, तो एकतर इंजिनाकडे राहू द्यायचा किंवा डिझेल वाढवून पुन्हा उष्णतेत घालवायचा. वाढीव डिझेल टाकलं की एक्झॉस्टचा काटा परत ७०० वर, धूर परत आरशात, आणि वर झिजलेल्या भागांवर नवा ताण. मी दादाला म्हटलं, "दादा, डिझेल वाढवायला पंपाचं सील तोडायला नको, ते तसंच राहू दे. हा गारवा तिचा आहे." तो लगेच हो म्हणाला नाही. ज्या माणसाने घाटात वर्षानुवर्षं मागच्यांचे हॉर्न ऐकलेत, त्याला थोडा जास्त जोर हवासा वाटणारच, आणि त्यात हावरेपणा नाही. शेवटी वहिनी म्हणाली, "तुम्हाला कुणाच्या पुढं जायचंय?" सील तसंच राहिलं.

गाडी घाटात पूर्वीइतक्याच वेगाने चढते. फरक असा की दादाला मध्ये पॅडल सोडावं लागत नाही. एका लयीत वर जाते. मायलेजचा फरक वहिनीच्या वहीत शोधावा लागतो इतका लहान आहे, आणि त्यातला मोठा वाटा नोझलचा. इंटरकूलर लावा आणि डिझेलचे पैसे वाचवा, असं कोणी सांगत असेल तर त्या बोलीवर पैसे घालू नका. जळण थंड झालं की नायट्रोजनचे ऑक्साइडही कमी तयार होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण शहराच्या हवेत असतात.

रेडिएटरची काळजी वाढली, हे सांगायला हवं. पुढे इंटरकूलर बसल्यावर रेडिएटरला वारा कमी मिळतो आणि मिळतो तोही तापलेला. दादाचा रेडिएटर आधीच रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांतला गाळ सळईने काढून, घेतला होता, फॅनभोवतीचं कव्हर फाटलेलं होतं ते बदललं, बेल्टचा ताण तपासला. एवढं केल्यावर पाण्याचा काटा जागेवर आहे. हे न करता इंटरकूलर बसवला तर एक ताप काढून दुसरा लावून घ्यायचा.

आणि कागद. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावलेला आहे. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसला उभं राहावं लागतं. म्हणून काम करण्याआधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. अपघात झाल्यावर हे कागद शोधायला जाणं फार महाग पडतं.

गुऱ्हाळं सुरू झाली की कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर उसाचं पाचट आणि चिपाडाचा भुसा उडत असतो, तो सगळा इंटरकूलरच्या जाळीत जाऊन बसतो. दादा आता फेरीहून आला की कॉम्प्रेसरची हवा मागून पुढे मारतो. पुढून मारली तर कचरा उलट आत, रेडिएटरवर जातो. आणि ऑइल बदलताना खालचा होज सोडून त्याखाली ताटली धरतो. चमचाभर तेल निघालं तर पुसून परत आवळायचं. वाटीभर निघालं तर गाडी जागची हलवायची नाही, आधी टर्बोवाल्याला फोन.